मिठाचं पाणी, सेमी पैठणी आणि जळक्या केसांचा वास: कपड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

लग्नसराईची खरेदी सुरू झाली की प्रश्नांचा नुसता पाऊस पडतो, या वेळीही पडलाय. पण एक सांगते, निम्म्या जणींनी महत्त्वाची गोष्टच लिहिलेली नाही, ती म्हणजे कापड कशाचं आहे. "सिल्कची साडी" म्हणजे रेशमाची की दुकानदाराच्या भाषेतल्या सिल्कची? "कॉटनचा कुर्ता" म्हणजे आतल्या लेबलवर नक्की काय छापलंय? ते कळल्याशिवाय धुवायचं कसं हे सांगणं म्हणजे अंदाजपंचे काम. तरी जिथे अंदाज बांधता आला तिथे बांधून उत्तरं देते.

प्रश्न: ताई, माझ्या धाकट्या जावेने ऑनलाइन "प्युअर सिल्क येवला पैठणी" घेतली, बावीसशे रुपयांना. दिसते अगदी खऱ्यासारखी. माझ्याकडे सासूबाईंची जुनी पैठणी आहे, ती मात्र घडीवर विरायला लागलीये आणि जर काळी पडलीये. जावेची खरी की खोटी ते कसं ओळखायचं आणि माझी कशी वाचवायची? (डोंबिवली)

जावेचं आधी उरकून टाकते. बावीसशेत हातमागाची रेशमी पैठणी येत नाही, नुसता रेशमाचा भाव आणि विणकराची मजुरी धरली तरी हिशोब बसत नाही, मग जर, रंगाई, दुकानाचं भाडं हे सगळं तर पुढचंच. ती सेमी पैठणी असणार, यंत्रमागावरची, पॉलिस्टर नाहीतर आर्ट सिल्कची, म्हणजे कृत्रिम रेशमाची. आता सेमी घेण्यात वाईट काहीच नाही हं, हळदीकुंकवाला मस्त दिसते, प्रवासात चुरगळत नाही, आणि कोणाच्या पोराने आइस्क्रीम सांडलं तरी जीव खालीवर होत नाही. फक्त प्युअर म्हणून विकू नये एवढंच माझं म्हणणं.

ओळखायची असेल तर आधी पदर उलटा करून बघा. हातविणीच्या पैठणीत विणकर एकेका रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवत मोर, मुनिया, कमळ, आसावली भरत जातो, आणि जिथे तो रंग संपतो तिथे दोरा शेजारच्या दोऱ्यात अडकवून मागे फिरवतो, त्यामुळे मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. सेमीच्या मागे लांब लांब सुटे दोरे असतात नाहीतर ते कापून टाकल्याची लव दिसते. पण इथे एक गोची आहे. हातमागाला जॅकार्ड, म्हणजे नक्षीचे दोरे आपोआप उचलणारं यंत्र, लावूनही पैठणी विणतात, तिला ब्रोकेड म्हणतात, तिच्या मागेही दोरे दिसतात आणि तरी ती शंभर टक्के रेशमाची असू शकते. म्हणजे उलट्या बाजूवरून हातविणकाम कळतं, रेशीम कळत नाही.

रेशीम कळायला दोरा जाळावा लागतो. ब्लाउजपीसच्या कडेचे दोन दोरे काढा, एक उभा आणि एक आडवा, दोन्ही वेगवेगळे जाळायचे कारण ताणा (उभे दोरे) एकाचा आणि बाणा (आडवे दोरे) दुसऱ्याचा अशी लबाडी सर्रास चालते. दोरा चिमट्यात धरून सिंकवर उभं राहून पेटवा, ओढणीबिढणी लांब ठेवून. खरं रेशीम हळूहळू जळतं, ज्योत बाजूला केली की बहुतेक वेळा आपोआप विझतं, वास येतो जळक्या केसांचा, आणि मागे राहते ती काळी गुठळी बोटांत चुरगळली की भुगा होते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं, काळा धूर सोडतं, आणि टोकाला कडक मणी राहतो, कितीही दाबा फुटत नाही. कागद जळल्यासारखा वास आणि करडी मऊ राख आली तर ते कॉटन किंवा रेयॉन, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. या दोघांतलं कुठलं ते बघायला दोरा ओला करून ओढा, रेयॉन ओलं झालं की जवळजवळ अर्धी ताकद घालवून बसतं, चटकन तुटतं, कॉटन ओलं असताना उलट जास्त घट्ट होतं. आर्ट सिल्क म्हणून जे मिळतं ते बरेचदा हे रेयॉनच, म्हणून अशा साड्या पिळल्या की त्यांचं वाटोळं होतं.

दुकानातून घेणार असाल तर सिल्क मार्कचं लेबल मागा. केंद्रीय रेशीम मंडळाची ही योजना २००४ पासून आहे. पण ते लेबल फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतं, हातमागाचं आहे असं सांगत नाही, त्याला २००६ पासून हँडलूम मार्क वेगळा आहे. दोन्ही नसले म्हणजे साडी खोटी असंही नाही, येवल्यात विणकराच्या घरून घेतलेल्या चांगल्या पैठणीवर कधी कधी काहीच नसतं, तिथे पदर उलटा करून बघायला कोणी नाही म्हणत नाही.

आता सासूबाईंची. जुनी अस्सल जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा. मुलामा झिजला की खालची चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, घाम आणि परफ्युम लागला की आणखी लवकर. तिला चिंच, लिंबू, टूथपेस्ट यातलं काहीही लावायचं नाही. तांब्याच्या तांब्याला चालतं ते जरीला चालत नाही, उरलासुरला मुलामाही निघून जाईल आणि आंबटाचा ओलावा रेशमात बसेल तो वेगळाच. काळपट जर हे तिचं वय आहे असं समजा आणि सोडून द्या.

घडीवर विरतेय त्याचं कारण म्हणजे वर्षानुवर्षं त्याच रेघेवर घडी, वरून इस्त्री. जरीची तार घडीवर मोडते आणि तिची ती बारीक धार शेजारचं रेशीम कापत राहते, हाताने घडी उघडून उजेडात धरलीत तर तारेची टोकं डोळ्यांना दिसतील. म्हणून घडीच मोडून टाका. जाडसर पुठ्ठ्याच्या नळीला धुतलेली मलमल गुंडाळा आणि त्यावर साडी सैलसर गुंडाळून वरून पुन्हा मलमल. एवढी जागा नसेल तर घडीच्या प्रत्येक वळणात जुन्या सुती धोतराची वळकटी घाला म्हणजे चोख रेघ पडणार नाही, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. हँगरवर टांगायची नाही, वजनाने काठ ओढला जातो. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नाही. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात, जरीला टेकता कामा नयेत. विरलेल्या जागी चांगल्या रफूवाल्याकडून मागून मलमलीचा आधार शिवून घ्या, पण त्यानंतर ती नेसायची साडी राहिली नाही हे मनाशी धरा. कापून कुर्ता शिवावा का असं तुम्ही विचारलं नाहीत पण पुढच्या महिन्यात कोणीतरी विचारेलच, तर काठ-पदर धड असतील तर ते उतरवून नव्या रेशमी कापडावर बसवून देणारे कारागीर असतात, मला तो मार्ग जास्त पटतो.

प्रश्न: सोलापूरहून इरकल साडी आणली. अंग हिरवं सुती आणि पदर लाल, त्यावर ती पांढरी देवळासारखी नक्षी. सगळे म्हणाले म्हणून पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी बघते तर पांढरी नक्षी गुलाबी! मीठ कमी पडलं का? (सांगली)

नाही हो ताई, मीठ कमी पडलं नाही, मिठाचा इथे काही संबंधच नव्हता. मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, काम केलंय, तिथे मिठाची पोती येतात हे खरं आहे आणि बहुतेक तिथूनच हा समज घराघरात गेला असणार. रंगाच्या हौदात मीठ घालतात ते पाण्यातला रंग सुतावर ढकलायला. त्यानंतर सोडा घालतात, आणि सोड्यामुळे रंग सुताला कायमचा धरतो. हे सगळं रंगवताना. एकदा कापड तयार होऊन तुमच्या घरी आलं की बादलीत मूठभर मीठ टाका नाहीतर पोतं रिकामं करा, न धरलेला रंग धरत नाही.

मग रंग जातो का? तर रंगवताना काही रंग सुताला न धरता नुसता वर बसून राहतो, तो काढायला कापड उकळीला आलेल्या साबणाच्या पाण्यातून काढून पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. यात पाणी जातं, बॉयलरचं जळण जातं, वेळ जातो, म्हणून स्वस्तातल्या मालाला दोन धुलाया कमी देतात आणि त्या उरलेल्या धुलाया तुमच्या मोरीत होतात. लाल, मरून, काळा, गडद निळा यांच्यात रंग मुळात जास्त घातलेला असतो, म्हणून तेच जास्त सोडतात.

इरकलीत भर म्हणजे पदर आणि अंग एका सुताचे नसतात. पदराचा ताणा रेशमाचा किंवा आर्ट सिल्कचा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. दोन्हीचे रंग वेगळे, दोन्हीचं वागणं वेगळं. भिजत ठेवलं की लाल रंग पाण्यात उतरतो आणि रात्रभर शेजारच्या पांढऱ्यावर बसायला त्याला निवांत वेळ मिळतो. तुरटीबद्दलही सांगून टाकते, तुरटी नैसर्गिक रंगांना लागते पण ती रंगवायच्या वेळी. व्हिनेगरचा रेशमावर, लोकरीवर थोडाफार उपयोग होतो, सुतीवर शून्य.

आता झालंय त्याचं काय करायचं? इस्त्री अजिबात करू नका. भरपूर गार पाण्यात लिक्विड सोप टाकून पदर तेवढाच हलवून लगेच बाहेर काढा, पाणी बदला, परत करा, पाणी गुलाबी यायचं थांबेपर्यंत. थोडी गुलाबी झाक राहील, ती राहू द्या. दुकानात रंग काढायची पावडर मिळते ती मात्र लावू नका, ती पांढऱ्यावरचा लाल काढताना लालमधला लालही काढते. पुढच्या वेळी आधी अंग धुवा, पदर बादलीच्या बाहेर, मग पदर एकटा दोन मिनिटांत. वाळत घालताना पदर खालच्या बाजूला येऊ द्या म्हणजे त्याचं पाणी अंगावर ओघळणार नाही.

आणि सगळ्यांसाठीच, दुकानात पर्समधला पांढरा रुमाल पाण्याच्या बाटलीतून ओला करून पदराच्या आतल्या टोकावर चोळा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

प्रश्न: भावाच्या हळदीत पांढऱ्या कॉटनच्या कुर्त्यावर हळद सांडली. साबण लावला तर डाग लालभडक झाला! आता गेला का कुर्ता? (नाशिक)

गेला नाही, घाबरू नका. हळदीतला पिवळा रंग साबणासारख्या अल्कलीत (क्षारात) लाल होतो, कुंकू आपण हळदीत चुना घालून करतो ना तेच हे. साबण पूर्ण निघून जाईल इतकं पाणी घाला, डाग परत पिवळा होईल. मग कुर्ता ओलाच कडक उन्हात घाला, डाग वर येईल असा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन दुपारी अशा दिल्या की बराच उडतो. तेलातली हळद असेल तर आधी भांड्यांचा लिक्विड सोप लावून तेल काढून घ्या, डाग लाल झाला तरी होऊ द्या. रंगीत कापडाला हा उपाय जपून, ऊन हळदीबरोबर कुर्त्याचा रंगही उडवतं, आणि रेशमावर तर नकोच.

प्रश्न: मॅडम, नागपूरच्या उन्हाळ्यात ऑफिसला घालायला लिननचे शर्ट घ्यावेत म्हणतोय. बाजारात तीनशे-चारशेला "लिनन" मिळतं आणि शोरूममध्ये तीन हजारांना. फरक काय? बनियन तर बांबूचा पण आलाय. (नागपूर)

फरक म्हणजे तीनशेच्या शर्टात लिनन असण्याची शक्यता फारच कमी. लिनन जवसाच्या झाडाच्या खोडातून निघतं, हो, आपण चटणी करतो तेच जवस, फक्त धाग्यासाठी उंच वाढणारे वाण लावतात आणि त्या चांगल्या धाग्यासाठीचं जवस मुख्यतः फ्रान्स, बेल्जियमकडे पिकतं, म्हणून महाग. बाजारात "लिनन फील", "लिनन टच", "कॉटन लिनन" असं जे असतं ते बरेचदा जाड-बारीक गाठींच्या सुताने विणलेलं कॉटन किंवा सरळ पॉलिस्टर. लेबलवर लिनन किती टक्के ते वाचा, लिहिलेलंच नसेल तर उत्तर मिळालं. हातात घेऊन मूठ दाबा, खरं लिनन लगेच चुरगळतं आणि चुरगळलेलंच राहतं. जे अजिबात चुरगळत नाही त्यावर मला संशय येतो.

पण नागपूरला लिननच पाहिजे असं नाही ना. उन्हाळ्यात दोन गोष्टी बघायच्या, धागा घाम शोषतो का आणि विणीतून हवा जाते का. सर्वसाधारण हवेत कॉटन स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरून असतं, रेयॉन ११ ते १३ टक्के, आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के, म्हणून टेरिकॉटच्या शर्टात पाठ चिकचिकते. त्या शर्टात दोन भाग पॉलिस्टर आणि एक भाग कॉटन हे अगदी नेहमीचं प्रमाण आहे. शाळांचे युनिफॉर्म पण तेच, भर उन्हात पोरांना पॉलिस्टरमध्ये कोंबायचं आणि वर टाय, पण ते असो. पातळ विणीचं कॉटन घ्या, खादी घ्या, केंब्रिकचा (पातळ, गुळगुळीत सुती कापडाचा) सैल शर्ट शिवून घ्या, तीन हजारांच्या लिननइतकाच गार पडेल आणि इस्त्रीवाल्याच्या शिव्या बसणार नाहीत. गच्च विणलेलं जाड कॉटन मात्र कॉटन असूनही उकडतं.

बांबूचं म्हणाल तर बांबूचा लगदा रसायनात विरघळवून त्याचा धागा ओढतात, म्हणजे शेवटी ते रेयॉनच झालं. अमेरिकेत तर त्याला नुसतं बांबू म्हणून विकायला मनाई आहे, बांबूपासूनचं रेयॉन असं लिहावं लागतं. बनियन मऊ असतो, घाम चांगला टिपतो, घ्या की, पण मशीनमध्ये जीन्सबरोबर टाकलात तर लवकर विरेल, ओलं रेयॉन नाजूक असतं ते वर लिहिलंयच.

प्रश्न: ब्लाउज पहिल्या धुण्यानंतर आतून गोळा होतो, बाहेरून सुरकुत्या पडतात. टेलरला सांगितलं तर म्हणतो कापड खराब. (पुणे)

कापड बहुधा बरं असेल, अस्तर आटलंय. सुती अस्तर पहिल्या पाण्यात आटतं, वरचं कापड सेमी सिल्कचं असेल तर ते आटत नाही, मग आतलं बाहेरच्याला ओढून धरतं. अस्तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, इस्त्री करून मगच टेलरकडे द्यायचं. साडीच्या फॉलचंही तेच, फॉल न भिजवता लावला की काठाला चुण्या येतात. टेलर स्वतःहून भिजवतो असं म्हणतो ते ऐकून घ्या आणि तरी घरूनच भिजवून न्या.

प्रश्न: आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळतच नाहीत. धुतलेल्या कपड्यांना कुबट वास, कपाटातल्या कॉटनच्या साड्यांवर काळे ठिपके. डांबरगोळ्या घालून दमले. (चिपळूण)

डांबरगोळ्या किड्यांसाठी असतात ताई, बुरशीला त्यांनी काही फरक पडत नाही. साड्या खळ घातलेल्या आहेत का? असणारच. साबुदाण्याची खळ असो की भाताच्या पेजेची, बुरशीला आणि कसरीला ते आयतं जेवण. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, खळ धुऊन काढा आणि साड्या मऊच ठेवून द्या, खळ दिवाळीत परत घाला.

कुबट वास येतो तो कपडे ओले राहिल्यामुळे वाढणाऱ्या बॅक्टेरियाचा, आणि वरून सुगंधी कंडिशनर ओतून तो जात नाही, दोन वास एकत्र होऊन आणखी विचित्र होतं. जितक्या लवकर वाळेल तितका वास कमी, म्हणून एका वेळी थोडेच कपडे धुवा, दोरीवर दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा, खाली पंखा लावा. टॉवेल, चादरी, बनियन असे धड सुती कपडे महिन्यातून एकदा चांगल्या गरम पाण्यात धुवा. इस्त्रीने वाळवून लगेच कपाटात ठेवायची सवय मात्र सोडा, गरम कपड्यात वाफ असते, ती तशीच घडीत कोंडते. इस्त्री झाल्यावर अर्धा तास खुर्चीवर पडू द्या.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा. ओलावा ओढून घेणारी पाकिटं मिळतात, त्यांच्यात पाणी साठतं, ती कपड्यांच्या वर टांगू नका, गळली तर त्या पाण्याचे डाग कठीण. ठिपके पांढऱ्या सुतीवर असतील तर पातळ केलेलं ब्लीच चालेल, रंगीत सुतीला ऑक्सिजनवालं ब्लीच, आणि रेशमाला, लोकरीला साधं क्लोरीनचं ब्लीच कधीही नाही, ते डागाबरोबर धागाच खाऊन टाकतं.

प्रश्न: आजोबांचं काळं घोंगडं आहे, कोल्हापूरकडचं. भोकं पडायला लागलीत. वॉशिंग मशीनमध्ये ब्लँकेट मोडवर टाकू का? (पिंपरी)

नको रे बाबा! घोंगडं आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, धनगरांकडून लोकर घ्यायची आणि सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायची अशी ती जुनी जोडगोळी. लोकरीच्या प्रत्येक तंतूला बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते खवले एकमेकांत अडकून बसतात आणि परत सुटत नाहीत. मशीनमधून बाहेर येईल ते अर्ध्या आकाराचं, पुठ्ठ्यासारखं जाड काहीतरी.

भोकं पाडतात त्या कसरपतंगाच्या अळ्या, उडणारे पतंग बिचारे काही खात नाहीत. अळ्यांना अंधार आणि शांतता आवडते, त्यामुळे वर्षभर ट्रंकेत पडून राहिलेलं घोंगडं हे त्यांचं घर. कडक उन्हात दोन्ही बाजूंनी दिवस-दिवस घाला, काठीने झोडपा, मग कडेची शिवण आणि घड्यांच्या जागा ब्रशने घासून काढा, अंडी तिथेच असतात. ट्रंक व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने आतून पुसून वाळवा. शाल, स्वेटर असेल तर घट्ट पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवता येतं, घोंगडं तिथे मावायचं नाही. कडुनिंबाचा पाला सगळे सांगतात, घाला हवं तर, माझा त्याच्यावर एकट्यावर भरवसा नाही.

धुवायची वेळ क्वचितच येते. आलीच तर मोठ्या टबात गार पाणी, त्यात रिठ्याचं पाणी किंवा साधा शाम्पू, वरून दाबत राहायचं, चोळायचं पिळायचं नाही. रिठा लोकर आणि रेशमासाठी छान, कपडे धुवायच्या पावडरीपेक्षा खूप सौम्य, आणि त्या पावडरींमध्ये डाग खाणारे एन्झाइम असतात ते लोकर-रेशमालाही डागासारखंच वागवतात. (पांढऱ्या कपड्यांना मात्र रिठा नको, पिवळट झाक देतो, हे दुसऱ्या एका ताईंच्या पत्राचं उत्तर.) बाजेवर पसरून सावलीत वाळवा, दोरीवर टांगलंत तर पाण्याच्या वजनाने लोंबून लांब होईल. घोंगड्याला विणताना चिंचोक्याची खळ देतात, जुन्यात ती राहिली असेल तर धुतल्यावर जाईल आणि घोंगडं नेहमीपेक्षा मऊ लागेल, बिघडलं असं समजू नका.

प्रश्न: इथे सगळं ड्रायरमध्ये टाकायची सवय. भारतातून आणलेल्या कुर्त्या आखूड झाल्या, लेगिंग्जचं इलॅस्टिक सैल पडलं. आणि सिल्कच्या साड्या इथल्या ड्रायक्लीनरकडे द्याव्यात का? (न्यू जर्सी)

ड्रायरची गरम हवा इलॅस्टिकची शत्रूच, आणि सुती कुर्तीत आटायचं जे काही शिल्लक असतं ते ती एका फेरीत आटवून दाखवते. लेबलवर चौकोनात गोल म्हणजे ड्रायर, त्यावर फुली असेल तर नाही म्हणजे नाही. त्रिकोण म्हणजे ब्लीच. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे ११० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००, तर पॉलिस्टर, नायलॉनसाठी एक-दोन आणि कॉटन-लिननसाठी तीन असं साधारण धरा. हातमागाच्या किंवा टेलरकडच्या कपड्यांना लेबल नसतंच, ते सगळे दोरीवर.

साड्या द्यायला हरकत नाही पण देताना तोंडाने सांगा की हे रेशीम आहे आणि ही धातूची जर आहे. टिकल्या, मोती, खडे असतील तर ते कशाचे आहेत ते आधी बघा, लेबलवर वर्तुळात "पी" असतं त्या ड्रायक्लीनिंगच्या सॉल्व्हंटमध्ये (रसायनात) काही प्लास्टिकच्या टिकल्या आणि मोती मऊ पडतात, विरघळतातसुद्धा, आणि चिकटवलेले खडे सुटून येतात. "एफ" त्याच्यापेक्षा सौम्य. ड्रायक्लीनरला पदराच्या आतल्या बाजूच्या एका टिकलीवर करून बघायला सांगा, चांगला असेल तर करतो. आणि साडी घरी आली की वरचं प्लास्टिकचं कव्हर लगेच काढून टाका, दिवसभर हवेवर राहू द्या म्हणजे सॉल्व्हंटचा वास जाईल, मग सुती कापडात गुंडाळून कपाटात.